निदान एक, उपचार माणसागणिक वेगळा

प्रश्न : माझी थोरली बहीण आणि माझे यजमान, दोघांनाही नैराश्याचे निदान झाले. बहिणीला समुपदेशकाने मनात येणारे विचार रोज वहीत टिपायला लावले आणि तिला चांगलाच उतार पडला. यजमानांचे खनिज वाहतुकीचे ट्रक होते. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून ते गप्प आहेत. त्याच समुपदेशकाकडे ते मोजकेच दिवस गेले. "मला काय शाळकरी पोर समजतात?" म्हणून त्यांनी वही ठेवून दिली. आजार एकच असताना असे का व्हावे? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आजार एकच आहे, हे गृहीतच आधी तपासावे लागेल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या प्रचलित निकषांनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे दिसली आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असले, की नैराश्याचे निदान करता येते. या हिशेबाने लक्षणांच्या २२७ जुळण्या संभवतात. दोन रुग्णांत अवघे एकच लक्षण समान असू शकते.

कोणता उपचार, कोणी केलेला, कोणत्या व्यक्तीला आणि कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, हा प्रश्न गॉर्डन पॉल या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच विचारला होता. आपल्या यजमानांचे उत्तर त्यांच्या त्या एका वाक्यात बरेचसे आले आहे. ज्याने आयुष्यभर चालक-क्लीनरांना कामे सांगितली, त्याला कोणी गृहपाठ दिला की तो हट्टाला पेटतो. याला असहकार म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. सूचना सहन न होणाऱ्यांना कमी सूचना देणारी, निर्णय त्यांच्याच हाती ठेवणारी पद्धत अधिक मानवते, असे संशोधनात दिसते. तेव्हा समुपदेशकाने वही बाजूला ठेवून "ट्रक विकायचे की ठेवायचे, याचे तुमच्या मनात काय आहे?" असे विचारले, तर बोलणे सुरू होण्याची शक्यता अधिक. त्यांना विचारांपेक्षा कामाची भाषा जवळची असेल, तर हळूहळू अर्थपूर्ण कामांकडे परत नेणारी पद्धतही आहे. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांनी ती मोजक्या भेटींत वापरली आणि तिचे चांगले परिणाम २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, हे विशेष.

मात्र निदान निरुपयोगी आहे, असा अर्थ कृपया काढू नये. मंत्रचळ (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असेल तर भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव टाळून चालत नाही, आणि कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य आणणाऱ्या द्विध्रुवी विकारात औषधे सहसा लागतातच. यजमानांचे थायरॉईड आणि दारूचे प्रमाणही एकदा डॉक्टरांना तपासू द्यावे.

समुपदेशक लगेच बदलू नका. वही का नकोशी झाली, हे यजमानांनी, ते तयार नसतील तर त्यांच्या संमतीने आपण, समुपदेशकांना स्पष्ट सांगावे. दर भेटीत "आज उपयोग झाला का?" असे विचारणारा समुपदेशक हे ऐकून खट्टू होणार नाही. कोकणीतून बोलणे सोपे वाटत असेल तर तेही सांगावे. पुढच्या काही भेटींतही फरक जाणवला नाही, तर दुसरा समुपदेशक पाहण्यात संकोच नको. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा मात्र त्यांच्या तोंडी आली, तर भेटीची तारीख येण्याची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा किंवा त्यांना थेट बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यावे.