चिनी मातीत साखर नाही

प्रश्न असा आलाय: ''चिनी मातीची बरणी' यातली 'चिनी' म्हणजे हिंदीतली साखर का? माती साखरेसारखी पांढरी, म्हणून चिनी, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. आणि हल्ली सगळे सिरॅमिक म्हणतात, तर हा शब्द जुना झाला का?'

साखरेचा इथे काडीचाही संबंध नाही. ही साखरेची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ऐकताना दात शिवशिवतात. अहो, मराठीत साखरेला साखर म्हणतात. मराठी माणसाने पांढऱ्या मातीला साखरेवरून नाव द्यायचं ठरवलंच असतं, तर ती 'साखरमाती' झाली असती. हिंदीतली साखरच मुळात चीन देशावरून 'चीनी' झाली, जशी खडीसाखर मिस्र म्हणजे इजिप्तवरून 'मिस्री' झाली. म्हणजे चीनी आणि चिनी माती या एका माहेरच्या दोघी बहिणी. त्यातल्या एकीला दुसरीची आई कशाला करता?

आपल्याकडे हा 'चिनी' आला फारसीतून. तिकडे 'चीनी' म्हणजे चीनहून आलेलं झिलईदार भांडं, आणि पुढे कुठलीही झिलईदार वस्तू, मग ती चीनची असो वा नसो. पुरावा हवा तर दौलताबादच्या किल्ल्यावर जा. तिथे चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ मध्ये राज्य गेल्यावर औरंगजेबाने तिथे कैदेत ठेवलं होतं. महाल चिनी कशामुळे? भिंतींवरच्या झिलईच्या निळ्या फरशांमुळे. कैद्याला साखर खाऊ घालत होते म्हणून नव्हे.

दुसरी एक थाप हल्ली मोबाइलवरून फिरते, तीही इथेच निकालात काढतो. चीनमध्ये जिंगदेझेन नावाचं गाव आहे, चिनी मातीच्या भांड्यांची पंढरीच म्हणा. त्याचं आधीचं नाव 'छांगनान', आणि त्यावरून म्हणे 'चायना' हे देशाचं नाव पडलं. ऐकायला छान. पण गावाला जिंगदेझेन हे नाव मिळालं १००४ साली, सम्राटाने आपल्या राजवटीचं 'जिंगदे' हे बिरुद दिलं तेव्हा. आपल्या संस्कृतात 'चीन' त्याच्या कित्येक शतकं आधीचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट म्हणजे चिनी रेशीम आहे, शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी राजाचं मन उलट्या वाऱ्यात ध्वजाच्या चीनांशुकासारखं मागे ओढलं जातं. बहुतेक अभ्यासक या नावासाठी छिन् राज्याकडे बोट दाखवतात, ज्याने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा देश एका छत्राखाली आणला. एका गावच्या भट्टीने देशाला नाव दिलं असं मानायला ज्यांना आवडतं, त्यांनी खुशाल मानावं. कालिदासाचं काय करायचं ते मात्र त्यांनीच ठरवावं.

आता माझा लाडका मुद्दा. लोक 'चिनी'वर अडतात. मला विचाराल तर खरी गंमत 'माती'त आहे. इंग्रजाने भांड्याला नुसतं 'चायना' म्हटलं, इराण्याने नुसतं 'चीनी'. आपण तिथे 'माती' जोडली, आणि यातली मेख नेमकी तीच आहे! युरोपला कित्येक वर्षं पत्ताच नव्हता की हे बनतं कशाचं. या पांढऱ्या, झिलईदार भांड्यांसाठीचा त्यांचा 'पोर्सेलीन' शब्द इटालियनमधल्या कवडीच्या नावावरून आला. मार्को पोलो कवडीला आणि या भांड्यांना एकच शब्द वापरतो. केरळात राहिलेला पोर्तुगीज अंमलदार दुआर्ते बार्बोसा १६व्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेला की शंखशिंपल्यांचा चुरा नि अंड्याची टरफलं मळून तो लगदा ८०-१०० वर्षं जमिनीत पुरतात. आजोबांनी पुरायचा, नातवाने उकरायचा!

खरी वस्तू होती माती, आणि तिला पत्ता होता. जिंगदेझेनजवळचं गाओलिंग, म्हणजे 'उंच डोंगरधार'. त्याचंच फ्रेंच तोंडात 'काओलिन' झालं, आणि आज आपल्या सिंधुदुर्गातल्या चिनी मातीलाही भूगर्भवाले काओलिनच म्हणतात. दान्त्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ आणि १७२२ च्या पत्रांत ही सगळी कृती लिहून पाठवली. दोन जिन्नस लागतात: गाओलिंगची माती आणि कुटलेला एक पांढरा दगड. माती म्हणजे हाडं, दगड म्हणजे मांस. काही गोरे व्यापारी नुसत्या दगडाच्या विटा घेऊन मायदेशी गेले आणि फसले. त्यावर एक चिनी व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांशिवाय मांसाचा देह उभा करायचा होता. ही गोष्ट वाचल्यापासून मी 'माती' हा शब्द जरा जपूनच उच्चारतो. कोशवाले मात्र 'एक प्रकारची पांढरी माती' एवढं लिहून हात झटकतात.

आणि पांढरीचं कौतुक तरी किती? आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूने 'शिंग' प्रांतातली पांढरीशुभ्र भांडी दुय्यम ठरवली आणि 'युए' प्रांतातली हिरवट भांडी वर बसवली. एक चांदीसारखं, दुसरं जेड या हिरवट रत्नासारखं. एक हिमासारखं, दुसरं बर्फाच्या लादीसारखं. पांढऱ्यात चहा तांबडा दिसतो, हिरव्यात हिरवा. जेड हे चिन्यांच्या लेखी सज्जनाच्या गुणांचं प्रतीक, त्यामुळे भांड्याने जेडसारखं दिसावं ही मोठी आकांक्षा. साखरेसारखं दिसावं असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

परवा आमच्या फडताळावरून लोणच्याची जुनी बरणी पडली, वर तपकिरी आणि खाली पांढुरकी असते ना, ती. खापर उचलून पाहिलं तर झिलईच्या आतलं अंग करडं, दाणेदार. शेजारी कपाचा टवका ठेवला; तो आरपार पांढरा, कड काचेसारखी, आणि उजेडाला धरला तर मागे बोटाची सावली दिसते. म्हणजे बरणी पोर्सेलीन नव्हे. मग तिला चिनी मातीची म्हणणं चूक? काटेकोर लोक म्हणतील चूक. पण चिनी भाषेतला 'त्स' हा शब्द पांढरेपणा बघतच नाही. भट्टीत कडक भाजलेलं, टिचकी मारली की खणकन वाजणारं ते 'त्स'. लू यूची हिरवी भांडीही त्यातच. आमची बरणी मरेपर्यंत खणकत होती. चिन्यांच्या हिशेबाने पास.

आणि बरणीला हिंदीत काय म्हणतात? मर्तबान! हे मर्तबान म्हणजे ब्रह्मदेशातलं, साल्वीन नदीच्या मुखाजवळचं बंदर, आजचं मोत्तमा. झिलईचे मोठाले रांजण तिथून जहाजांवर चढायचे, म्हणून रांजणालाच गावाचं नाव चिकटलं. १४व्या शतकात इब्न बतूता हा अरब प्रवासी चीनकडे निघाला असता वाटेत एका राजकन्येने त्याला चार मर्तबानं भेट दिली. आत काय होतं? आलं, मिरी, लिंबं आणि आंबे. सगळं मिठात मुरवलेलं, समुद्रप्रवासासाठी.

सिरॅमिकचं राहिलंच. प्रदर्शनात विक्रेते सांगतात, 'चिनी माती नाही हो, सिरॅमिक आहे.' म्हणजे 'आंबा नाही हो, फळ आहे.' कौलही सिरॅमिक, वीटही सिरॅमिक, दिवाळीची पणतीसुद्धा. लोणचं मात्र बरणीतच घाला, आणि झाकणाला दादरा बांधायला विसरू नका.