क्वायवरचा पूल बघायला निघालोय

प्रश्न : आमचे बाबा कळवा कारशेडमधून रिटायर झालेत. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' त्यांनी किती वेळा बघितलाय याला गणतीच नाही, झाडांना पाणी घालताना पण त्यातलीच शीळ चालू असते. दिवाळीनंतर आम्ही थायलंडला चाललोय तर त्यांचा एकच हट्ट, तो पूल बघायचा. पण तो तर पिक्चरमध्ये उडवला ना? आणि तो कर्नल खरा होता का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : उडवला तो थायलंडचा नव्हेच हो. डेव्हिड लीनने हा १९५७ चा पिक्चर श्रीलंकेत कितुलगलाला शूट केला, तिथे लाकडी पूल बांधला आणि कॅमेऱ्यासमोर खरंच उडवला. थायलंडमधल्या कांचनाबुरीचा खरा पूल लोखंडी आहे, अजून उभा आहे, त्यावरून आजही गाडी जाते. बाबा रेल्वेवाले, त्यांना स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधले भाग, नीट बघायला सांगा. वरून कमानदार आहेत ते दुसऱ्या महायुद्धातले आणि मधले दोन सरळ कोनांचे आहेत ते नंतर बसवलेले, कारण १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून तिथले पाडले होते.

कर्नलचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. अ‍ॅलेक गिनेसने काम असं केलंय की ऑस्कर मिळालं, पण त्याचा कर्नल निकल्सन, जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश अधिकारी, पुलाच्या अभिमानात आपण तो शत्रूसाठी बांधतोय हेच विसरतो. प्रत्यक्षात तिथे कैद्यांचे अधिकारी होते फिलिप टूझी, ते आपल्या माणसांसाठी जपान्यांशी भांडायचे, मार खायचे, आणि त्यांची माणसं गुपचूप वाळवी गोळा करून लाकडी पुलाच्या खांबांत सोडायची! जिवंत परतलेल्या कैद्यांना पिक्चर झोंबला तो यामुळेच, आणि त्यांचं बरोबरच होतं.

अजून एक, जे पिक्चरमध्ये जवळपास नाहीच. हा पूल ज्या लाइनवर आहे ती थायलंड ते ब्रह्मदेश ४१५ किलोमीटरची लाइन ऑक्टोबर १९४३ ला जोडली गेली, ती बांधताना १२ हजारांहून जास्त युद्धकैदी गेले, कॉलरा, उपासमार, मारहाण. पण त्याहून कितीतरी जास्त गेले ते आशियाई मजूर, बर्मी, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ लोक, अंदाज ९० हजारांपर्यंत जातो. कांचनाबुरी स्टेशनजवळ युद्धकैद्यांचं कबरस्तान आहे, ते चुकवू नका. मी गेलो तेव्हा एकेका पाटीवरचं वय वाचत चाललो होतो, २२, २४, २३, मग पुढे वाचवेना. तिथे जवळपास प्रत्येकाला नाव आहे, गवत कापलेलं आहे. त्या तमिळ मजुरांच्या नावांची अशी एक ओळसुद्धा मला कुठे दिसली नाही, ते कुठेकुठे जंगलात पुरले गेले.

पूल बघून लगेच परतू नका, तीच गाडी पुढे नाम टोक या शेवटच्या स्टेशनपर्यंत जाते. वाटेत थाम क्रासाएला रूळ कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून जातात आणि गाडी अगदी चालत चालत काढतात. कांचनाबुरीहून जाताना नदी डाव्या हाताला येते, बाबांना त्या बाजूची खिडकी द्या.