कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जायचं तर दुकानातली नोकरी सोडावी का?

नोकरी सोडू नका. दोन वर्षांचा हट्ट सोडा.

तुम्ही लिहिलंय की सॅन होजेला दुकानात आठवड्याला २० तास काम करता, कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज, तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं) केमिस्ट्री घेतलीय, आणि घरचे म्हणतात, नोकरी सोडून दोन वर्षांत यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, गाठ, नाहीतर नाद सोड. हे वाचून राहवलं नाही, कारण अगदी हेच मी आत्याच्या यजमानांकडून ऐकलंय.

आमचं ग्रीन कार्ड आत्यानेच केलं. मी नुकती बारावी झालेली. बाबांना त्यांच्या कामाचं इथे कोणी विचारेना, म्हणून मी एका देशी किराणा दुकानात काउंटरला लागले आणि कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच दिवाळीत, फराळाला घर भरलेलं असताना काका म्हणाले, "कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच मिळत नाही त्यांची सोय. त्यात ही भाजी तोलणार. ना धड हे, ना धड ते." त्यांचा मुलगा तेव्हा यूसी बर्कलीला. आई चकल्यांचं ताट उचलून आत निघून गेली. ज्यांचे उपकार घेतलेत त्यांना उलट बोलता येत नाही, म्हणून गप्प बसले. आज बोलते.

डी अँझात क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं. केमिस्ट्री १ए, १बी, १सी, मग ऑरगॅनिकच्या १२ए, १२बी, १२सी. एकीशिवाय पुढची घेता येत नाही. फॉल, विंटर, स्प्रिंग धरले तर यातच दोन वर्षं संपतात, आणि कॅल्क्युलस, फिजिक्स त्यातच बसवायचं. एका क्वार्टरला लॅबमध्ये जागा मिळाली नाही की सगळं पुढे ढकललं जातं. नोकरी न करणाऱ्यांचंही ढकललं जातं. मी तीन वर्षं घेतली आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

लॅब आठवड्यात, दुकान शनिवार-रविवार आणि एखाद-दोन संध्याकाळी. शनिवारी सकाळी मेथीची खोकी यायची, खालून बर्फाचं पाणी गळत. जुड्या मांडून झाल्या की वजनकाट्याखाली सरकवलेली रिअॅक्शनची कार्डं काढायची. गिऱ्हाईक नसलं की एक कार्ड. एसएन१ आणि एसएन२ या ऑरगॅनिकमधल्या दोन रिअॅक्शनमधला फरक मला वर्गात नाही, त्या काउंटरवर डोक्यात बसला. यूसीच्या अर्जात काम आणि त्याचे तास विचारतात. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, तयारीवरचा एक निबंध-प्रश्न सक्तीचा, बाकी सातांतले तीन आपण निवडायचे. त्यातल्या एकात मी हेच दुकान लिहिलं. यूसी डेव्हिसला प्रवेश मिळाला.

मी टॅग (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर यूसीच्या एका कॅम्पसला प्रवेशाची हमी) केलं होतं, तुम्हीही करा. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकालाच करता येतं. बर्कली, एलए, सॅन दिएगो त्यात नाहीत. पुढच्या फॉलसाठी टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर, मुख्य अर्ज ऑक्टोबरपासून. जाण्याआधीच्या स्प्रिंगअखेर ९० क्वार्टर युनिटं (क्रेडिट), म्हणजे ६० सेमिस्टर युनिटं, झालेली हवीत. कोणता कोर्स कुठे धरतात ते असिस्टच्या साइटवर स्वतः बघा, काउन्सेलरच्या तोंडी शब्दावर राहू नका.

पैशाचं म्हणाल तर राज्यातल्या रहिवाशांना डी अँझात क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. घरचं उत्पन्न कमी असेल तर प्रॉमिस ग्रँटने तेही माफ होतात. माझा पगार आमच्या घरभाड्यात जात होता. काकांच्या सल्ल्याने नोकरी सोडली असती तर ते भाडं भरायला काका येणार नव्हते. आणि यूसीच्या पदवीवर पहिली वर्षं कुठे काढली हे कुठेही छापत नाहीत. त्यांच्या मुलाच्या नाही, माझ्याही नाही.

२० तासांच्या वर मात्र जाऊ नका, दोन लॅबचे विषय एकदम असतील तर त्याहूनही कमी करा.

हे सगळं ग्रीन कार्डवालीचं उत्तर आहे, तुमचा व्हिसा तुम्ही लिहिलेला नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर बाहेरच्या दुकानात असं काम करता येत नाही. काम कॅम्पसवरच, क्वार्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, आणि फुल-टाइम युनिटं घ्यावीच लागतात. तसं असेल तर वरचं विसरा, दुकान आजच थांबवा आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन बोला.