पंख, शेपटी आणि उडण्याची ढब : शिकारी पक्षी ओळखताना

प्रश्न : आम्ही ऐरोलीला खाडीच्या बाजूला राहतो. हिवाळ्यात गच्चीवरून आकाशात बरेच मोठे पक्षी दिसतात, पण आम्हाला त्या सगळ्या घारीच वाटतात. पक्ष्यांच्या पुस्तकांत ‘मनगट’, ‘पंखाची बोटे’ असे शब्द येतात. प्रत्यक्ष पाहताना त्यांचा उपयोग कसा करावा?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : रंगापासून सुरुवात करू नये, हे आधी आग्रहाने सांगतो. शिकारी पक्षी बहुधा आपल्या डोक्यावर, उजेडाच्या बाजूला असतो आणि तेव्हा त्याची केवळ काळसर आकृती दिसते. म्हणूनच त्याच्या वर्णनातले बहुतेक शब्द पंखांची ठेवण, शेपटीची कड आणि उडण्याची ढब यांच्याशी निगडित असतात.

आपली नेहमीची घार रोज दिसते, त्यामुळे हे शब्द आधी तिच्यावरच पक्के करून घ्यावेत. घारीची शेपटी मिटलेली असताना तिच्या टोकाला मधोमध उथळ खाच दिसते, पसरली की तीच कड जवळजवळ सरळ होते, आणि हवेत वळण घेताना घार ही शेपटी सुकाणूसारखी सतत डावी-उजवीकडे पिळत राहते. शेपटीचे टोक गोलाकार असेल आणि डोके व छाती पांढरी, बाकी अंग विटकरी असेल, तर ती ब्राह्मणी घार समजावी. पंख जिथे मागे वळतो तो सांधा म्हणजे मनगट, आणि पंखाच्या टोकाशी सुटी सुटी दिसणारी लांब पिसे म्हणजे बोटे. गरुडाच्या रुंद पंखांना ही बोटे ठळक असतात; ससाण्याचे पंख मात्र निमुळते आणि टोकदार असतात.

मनगट या शब्दाचा खरा उपयोग खाडीवर होतो. हिवाळ्यात येणाऱ्या ऑस्प्रेचे, म्हणजे कैकराचे, पोट पांढरे असते, डोळ्यावरून गडद पट्टी जाते आणि पंखाखाली नेमका मनगटावर काळा डाग असतो. तो पाय पुढे करून पाण्यात झेपावतो आणि पकडलेला मासा तोंड पुढे राहील अशा रीतीने पायांत धरून नेतो. हे दृश्य एकदा नीट पाहिले की पुन्हा घारीशी गल्लत होणे कठीण! खारफुटीवरून आणि चिखलावरून अगदी खालून, पंख उथळ ‘व्ही’ आकारात किंचित उचलून संथपणे फिरणारा पक्षी दिसला, तर तो बहुधा दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर असतो. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून. या शिकाऱ्यांचे अन्नही त्याच पाण्यात आणि चिखलात आहे.

सोसायटीच्या झाडांत दिसणारा शिक्रा कबुतराएवढा असतो. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, काही वेळा पंख मारून मग तरंगत जाण्याची सवय आणि बसलेला असताना गळ्यावर मधोमध दिसणारी गडद रेघ, एवढे टिपले तरी पुरे.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात तर फार पहाटेची घाई नको. ऊन तापून हवा वर उठू लागली की सर्पगरुड त्या हवेवर तरंगत घिरट्या घालतो आणि त्याच्या पंखांच्या मागच्या कडेजवळचा रुंद पांढरा पट्टा खालून स्पष्ट दिसतो. त्याची कर्कश शीळ तर तो दिसण्याआधीच ऐकू येते.

प्रश्न : एकाच पक्ष्याची पुस्तकातली दोन चित्रे इतकी वेगळी का असतात?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : त्यांपैकी एक चित्र बहुधा अपरिपक्व, म्हणजे पूर्ण वाढ न झालेल्या पक्ष्याचे असते. ब्राह्मणी घारीचे पिल्लू तपकिरी असते आणि नवख्याला ती साधी घारच वाटते. अशा वेळी पिसांच्या रंगाकडे दुर्लक्ष करून शेपटीची गोल कड पाहावी. नर-मादीतही फरक असतो. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते, त्यामुळे केवळ आकारमानावरून जात ठरवू नये. टिपण करताना आधी शेपटी, मग पंख, मग उड्डाण आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम ठेवावा.