रायफल राहू द्या, घरातली एकनळी आधी उघडून बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही कळेल. केज तालुक्यात चार-साडेचार एकर, सोयाबीन आणि तूर, बांधाला लागून दुसऱ्याचा ऊस. रानडुकरं रात्रीत शेत लोळवून जातात. वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाच्या परवान्याची जुनी एकनळी बारा बोअर बंदूक आहे (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप), वडिलांचं वय चौऱ्याहत्तर. ती विकून स्वस्तातली रायफल घ्यावी असं तुमच्या डोक्यात आहे. कोणती घ्यावी, गोळ्या कोणत्या, आणि हे जमलं नाही तर एअरगनवर भागेल का?

सरळ सांगतो, ती एकनळी विकू नका. तुमच्या कामाला तिच्याहून स्वस्त आणि सोयीचं हत्यार बाजारात मिळायचं नाही.

रायफलीचं आधी उरकतो. आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या मोठ्या रायफली म्हणजे मुख्यतः .३१५ आणि .३०-०६ (हे आकडे नळीच्या आणि काडतुसाच्या मापाचे). .३१५ ही इशापूरच्या सरकारी कारखान्याची, बोल्ट ओढून चालवायची, दणकट आणि त्यातल्या त्यात परवडणारी. .३०-०६ चांगली, पण तिची काडतुसं शोधत फिरावं लागतं. .३०३ चं नाव गावात सगळ्यांना पाठ असतं, कारण पोलिसांच्या खांद्यावर तीच बघितलेली असते. ती आणि ७.६२ दोन्ही निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या मापांत मोडतात, त्यांचा विचारच सोडा.

शेती संरक्षणासाठी म्हणून रायफल मागायला गेलात तर कायद्याची चौकट तुमच्या बाजूची नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचा. पिकाच्या रक्षणासाठी त्यात ठासणीची बंदूक धरलेली आहे, आणि ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे बारा बोअर. रायफलीचं नाव तिथे येतं ते .२२ चं, तेही मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी. .३१५ साठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. 'डुकरं फार झालीत' एवढ्यावर जिल्हाधिकारी कार्यालयातून ती मिळाल्याचं मी तरी आपल्या भागात पाहिलेलं नाही.

पण समजा उद्या मिळाली, तरी मी घेऊ नका म्हणेन. आपलं रान उघडं आहे. पाठीमागे बालाघाटाचा उतार असेल तर गोळी मातीत जाईल, पण तुमच्या वर्णनावरून शेत सपाट आहे आणि पलीकडे ऊस. रायफलीची गोळी हुकली, किंवा डुकराच्या आरपार गेली, तर ती दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. .२२ सारखी लहान गोळीसुद्धा दीड किलोमीटर सहज जाते. गळीत हंगामात उसाच्या कडेला टोळ्यांच्या कोप्या असतात, त्यात लेकरं झोपलेली असतात, आणि तोडणीवाले पहाटे चारला बॅटऱ्या घेऊन फडात शिरतात. बॅटरीच्या उजेडात उसाच्या कडेला काहीतरी हललं म्हणून चाप ओढणारा माणूस डुकरापेक्षा धोकादायक. बारा बोअरचा मोठा छर्रासुद्धा दोनशे-तीनशे मीटरवर माणसाला जखमी करू शकतो, म्हणून तीही बेफिकिरीने चालवायची वस्तू नाही. पण रायफलीच्या मानाने तिचा धोका तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बांधात मावतो.

आता एअरगन. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ ची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअरगन असेल तर परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र आणि पत्ता दिला की मिळते. त्यामुळे गावोगावी एकच समज झालाय की परवाना नाही म्हणजे काहीही मारायला मोकळीक. तसं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं, सापळा लावणं, विष घालणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्नही येतो. हत्यार कोणतं, याला महत्त्व नाही. शिवाय ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी मोठ्या डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीत धड शिरतही नाही. डुक्कर चिडतं, उसात घुसतं आणि सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या मांडीवर हिशोब चुकता करतं. एअरगन डब्यांवर, कागदावर नेम धरायला घ्या, पोरांना शिस्त लावायला घ्या. डुकरांसाठी नको. .२२ चंही हेच.

मूळ अडचण बंदुकीची नाहीच, परवानगीची आहे, आणि प्रश्नात तुम्ही तिचा उल्लेखच केलेला नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. दोन कागद वेगळे, दोन खाती वेगळी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही वन्यजीव कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत, अनुसूची २ मध्ये आहेत. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर वन खातं लेखी परवानगी देऊ शकतं. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोह्यासाठी शासनाने २०१५ मध्ये याची पद्धत घालून दिली, आणि अर्ज जातो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या रेंजर साहेबांकडे. सातबारा, नुकसानीचे फोटो, गट नंबर आणि बंदुकीच्या परवान्याची झेरॉक्स जोडा. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. तोंडी 'मारा हो, कोण बघतंय' असं कोणीही म्हटलं, अगदी खाकीतल्या माणसाने म्हटलं, तरी त्याला काडीची किंमत नाही. कागद नसताना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवानगीने मारलेलं डुक्करही तुमचं नसतं, ते सरकारची मालमत्ता. वन खात्याला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, विल्हेवाट ते सांगतील तशी. मटणाचे वाटे पडले की परवानगीचा कागद असूनही गुन्हा होतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण अशी प्रकरणं बहुतेक वेळा वाटा न मिळालेल्या भाऊबंदाच्या फोनवरूनच उघडकीला येतात. आणि हरणाकडे, काळविटाकडे, मोराकडे नळी वळवायचीच नाही. काळवीट आणि मोर अनुसूची १ मध्ये आहेत, तिथे पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही आणि शिक्षा तीन वर्षांपासूनच सुरू होते. बीड-धाराशिव पट्ट्यात काळविटांचे कळप शेतात बसलेले असतात, रात्री बॅटरीत फक्त डोळे चमकतात. डोळ्यांवर गोळी झाडायची नाही, पूर्ण जनावर ओळखल्याशिवाय बोट चापावर जायला नको.

आता वडिलांच्या बंदुकीकडे येऊ, कारण खरी बचत इथे आहे.

शस्त्र नियम २०१६ मध्ये सोय आहे की परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावे परवाना मिळावा म्हणून अर्ज करू शकतो. तुमचे वडील वयाच्या अटीत बसतात. नवा परवाना मागणाऱ्याला 'हत्यार कशाला पाहिजे' इथपासून सुरुवात करावी लागते. तुमच्याकडे हत्यार, जुना रेकॉर्ड आणि शेती तिन्ही आहेत. तरी पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय दाखला आणि हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतोच. कामाला वेळ लागतो, चकरा होतात, टेबलावरच्या माणसाशी गोड बोलावं लागतं. वडील धडधाकट आहेत तोवर हे करा. नंतर राहिलं तर बंदूक आधी ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि मग भावाभावांत ती कुणाची यावर वर्षं जातात.

नावावर होईपर्यंत मात्र ती तुम्ही चालवायची नाही. 'घरातलीच आहे' हा बचाव नाही. विनापरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला. निवडणूक लागली की ठाण्यातून जमा करायचा निरोप येईल. तेव्हा कुरकुर न करता द्या आणि पावती जपून ठेवा.

बंदूक तपासायची कशी? वडिलांना बरोबर घ्या, ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, दिवसा उजेडात उघडा. नळीतून आभाळाकडे बघा. आतली भिंत आरशासारखी दिसली पाहिजे. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेलं, थोडे असतील तर चालतात, खोल खड्डे असतील तर नाही. बाहेरून नळीवर बोट फिरवा, कुठे पोचा किंवा फुगवटा लागला तर तिथेच थांबा. बंद करून नळी आणि दस्ता हातात धरून हलवा. सांध्यात खडखड होत असेल तर कुलूप सैल झालंय, चांगला कारागीर ते बसवून देतो. नळीच्या पोलादावर लाकडाच्या शिऱ्यांसारखी नक्षी दिसत असेल तर ती जुन्या पद्धतीची पिळाची नळी. ती काळ्या दारूच्या काळातली, तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही, भिंतीला टांगा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते काडतुसाच्या लांबीकडे. बारा बोअर म्हटलं की सगळी काडतुसं सारखी, असं नाही. जुन्या बंदुकींची खोबण, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जागा, पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असते आणि दुकानात ७० ची काडतुसंही असतात. ७० चं काडतूस ६५ च्या खोबणीत आरामात बसतं, हाच तर धोका. न उडालेलं काडतूस मुडपलेल्या तोंडामुळे आखूड असतं. उडताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. खोबणीची लांबी बहुधा नळीच्या बुडाशी शिक्क्यात असते, मिलिमीटरमध्ये किंवा अडीच इंच, पावणेतीन इंच अशी. वाचता येत नसेल तर बंदूकवाल्याकडून मोजून घ्या आणि परवान्याच्या पिशवीत चिठ्ठी लिहून ठेवा.

काडतूस देशीच घ्या. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' बहुतेक दुकानांत असतात आणि जुन्या एकनळीला ती मानवतात. छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे ध्यानात ठेवा. चार, सहा, आठ नंबर पाखरांसाठीचे, तुमच्या उपयोगाचे नाहीत. त्यांनी डुक्कर फक्त जखमी होतं. परवानगीच्या कामाला एलजी किंवा एसजी, हे मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसांचे प्रकार. एलजीत मोजके पण मोठे छर्रे, एसजीत त्याहून लहान आणि संख्येने जास्त. माझं मत एसजीकडे झुकतं, पण नळी कोणती मानते ते बंदूकच सांगते. एखाद्या क्लबाच्या रेंजवर पंचवीस मीटरवर मोठा पुठ्ठा लावून दोन्ही उडवून बघा, छर्रे किती पसरतात ते दिसेल. तीस मीटरच्या पुढे कुणी कितीही बढाया मारल्या तरी तुम्ही थांबा.

वडिलांच्या पेटीत जुनी कागदी काडतुसं असतील तर ती वापरायचा मोह होईल. पावसाळी दमटपणाने कागद फुगतो, काडतूस खोबणीत अर्धं जाऊन अडतं, आणि मग लोक तळहाताने ठोकून आत ढकलतात. ठोकायचं नाही. बुडाला हिरवट डाग दिसले तर ती विक्रेत्याकडे नेऊन द्या. चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. रिकाम्या नळकांड्या मोजून ठेवा, हिशोब कधीही विचारला जाऊ शकतो.

हे सगळं होईपर्यंत यंदाचं पीक राहिलंच. त्यासाठी झटका मशीन लावा, बॅटरीवर चालणारं, जे थांबून थांबून झटका देतं. आकड्याची लाईन तारेत सोडायची नाही, त्यात डुकरं मरतात त्याहून जास्त दुःख माणसं मेल्याचं होतं आणि तो सरळ मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे भरपाईचा अर्ज टाका. कापलेल्या पिकाची बनीम (गंजी) रचून झाल्यावर नुकसान दाखवता येत नाही, उभ्या पिकात पंचनामा करून घ्या. बरेच जण 'मिळतंय किती' म्हणून अर्जच करत नाहीत, पण पुढे डुकरासाठी परवानगी मागताना हेच जुने पंचनामे तुमच्या बाजूने बोलतात.

खोबणीची लांबी, नळीवरचे शिक्के आणि सांध्याचा फोटो इथे टाका, म्हणजे काडतुसाचं नक्की सांगता येईल. फोटोत बंदुकीचा नंबर आणि परवान्याचा नंबर झाकायला विसरू नका.