मॅडम, शाळेत तोंडच नाही उघडून राहिला हा

जुलैच्या शेवटी नागपूरच्या मानेवाड्याकडची एक आई माझ्याकडे आली, सोबत आजी. मुलगा आठ वर्षांचा, जपानमधे नागोयाला तिथल्याच सरकारी शाळेत दुसरी करून मार्चमधे परतलेला. बसायच्या आधीच आजी म्हणाली, "मॅडम, घरी मस्त बडबड करते न शाळेत तोंडच नाही उघडून राहिला, काहून असं?" शाळेने सांगितलं होतं की मुलगा खूप मागे आहे, तपासून घ्या. बाहेरदेशातून परतलेले आईबाबा हेच विचारतात म्हणून लिहितेय.

मी आधी तिकडचा दिवस विचारला. आई सांगत गेली... कॉलनीतली पोरं मिळून पायी शाळेत जायची, दारात बूट बदलायचे, जेवण वर्गातच, वाढणारी मुलंच, आणि मग सगळ्यांनी मिळून वर्ग न जिना पुसायचा. इथे पहिल्याच आठवड्यात डबा झाल्यावर ह्याने फडकं घेऊन बेंचखालची फरशी पुसली तर पोरं हसली, एकाने "सफाईवाला" म्हटलं, त्या दिवसापासून हा गप्प. साफसफाई म्हणजे हलकं काम, ही घाण समजूत आपली आहे, ते पोर ती घेऊन आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मागे म्हणजे काय तर 12, 13 चे पाढे येत नाहीत. अहो जपानमधे दुसरीत 9 पर्यंतच पाढे असतात, ते हा तालात घडाघडा म्हणतो, जपानीत! पहिल्या दोन वर्षांत 240 कांजी (चिनी लिपीतून आलेली) अक्षरं शिकवतात तिकडे. त्यात वर्गात इंग्रजी, मैदानात हिंदी, घरी मराठी. नवीन भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकत राहतं, ते आजारपण नाही. पण महिनोन्‌महिने शाळेत कोणाशीच अक्षर नाही, सकाळी पोट दुखतं, लघवीलाही विचारत नाही असं असेल तर थांबू नका, ऐकण्याची तपासणी करा आणि बालमानसतज्ज्ञांना दाखवा, ते सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतं, म्हणजे घरी बोलणारं मूल शाळेत भीतीने बोलूच शकत नाही, आणि त्यावर उपचार आहेत. हा बाजूच्या मुलाशी कुजबुजायचा, म्हणून मी थांबले.

वर्गशिक्षिकेला फोन करून सांगितलं, उभं करून उत्तर मागू नका, त्या बाजूच्या मुलासोबत जोडीने काम द्या, आणि चिडवणाऱ्यांशी बोला. त्या बाईंनी शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं अख्ख्या वर्गाला फडकी दिली, स्वतःही पुसलं. घरी एकच सांगितलं की "आता जपान विसर" म्हणायचं नाही, तिकडच्या मित्राशी रविवारचा व्हिडिओ कॉल चालूच ठेवायचा. व्हॅनमधून उतरला की घरातच, ह्याचा त्याला फार राग होता, तिकडे एकटा फिरायचा ना, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दही आणायचं काम त्याच्याकडे आलं.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो तेव्हा, आजीने लाकडी बैल सजवून दिला, बाजूचा मित्र सोबत, दोघं घरोघरी फिरून बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करत होते. वर्गात अजून हात वर करत नाही. पण गेल्या आठवड्यात आईचा मेसेज आला, त्याने वर्गातल्या मॅडमना स्वतःहून विचारलं, "पाणी प्यायला जाऊ?" मराठीत.