नांदेड ते संभाजीनगर विमानाने किती वेळ?

प्रश्न: नमस्कार, आम्ही कंधारचे. वडिलांना तपासणीसाठी संभाजीनगरला न्यायचंय, गुडघ्यामुळं त्यांना जास्त वेळ बसवत नाही. मोबाईलवर नांदेड ते संभाजीनगर विमानाचं अंतर पाहिलं तर एका ठिकाणी 215, दुसरीकडं 134 आणि तिसरीकडं 116 दिसलं, वेळ मात्र सगळीकडं पाऊण तासाच्या आसपास. खरं कोणतं धरायचं, आणि विमानाने न्यावं का?

उत्तर: भाऊ, तिन्ही आकडे खरेच आहेत. 215 हे किलोमीटर, 134 म्हणजे साधे मैल आणि 116 म्हणजे नॉटिकल मैल, विमानवाले हेच वापरतात, एक नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा. हे अंतर दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं आहे, रस्त्याने अडीचशेच्या वर जातं.

आता त्या पाऊण तासाचं. अशा मार्गावर एटीआर सारखं पंख्याचं विमान असतं, ते वर गेल्यावर ताशी 500 किलोमीटरच्या आसपास धावतं, त्या हिशोबाने 215 किलोमीटरला 26 मिनिटंच लागतील पण वर चढायला, खाली उतरायला वेग कमी ठेवावा लागतो, म्हणून पाऊण तास. त्यात हिवाळ्यात वरचा वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे जाताना समोरून. आणि चिकलठाण्याची, म्हणजे संभाजीनगर विमानतळाची, धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, वारा पूर्वेचा असला तर आपल्याकडून गेलेल्या विमानाला विमानतळ ओलांडून पुढं जाऊन वळून उतरावं लागतं, तिथं अजून पाच-दहा मिनिटं गेली.

पण खरी गोष्ट पुढंच आहे, आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची. हे आकडे नकाशावरून काढलेले असतात, टाइमटेबलवरून नाही, म्हणजे तसं थेट विमान आहे असा त्याचा अर्थ होत नाही. नांदेड-लातूर टाकून बघा, तिथंही 125 किलोमीटर आणि काहीतरी वेळ दाखवतील, म्हणून काय लातूरला रोज विमान उतरतं का? 2017 च्या एप्रिलमध्ये उडान योजनेतली (लहान शहरं विमानाने जोडायची केंद्राची योजना) अगदी पहिली विमानं सुरू झाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं, आपल्या भागाला त्याचा खरंच आनंद झाला होता, पण मराठवाड्यातली गावं एकमेकांना विमानाने जोडायचं अजून राहूनच गेलंय, आणि ते व्हायला पाहिजे.

तिकीट काढताना हैदराबादवरून जोड विमान दाखवलं तर घेऊ नका. नांदेड-हैदराबाद 245 आणि तिथून संभाजीनगर 430 च्या वर, म्हणजे 215 साठी पावणेसातशे किलोमीटर, वर मधे बदलायचं, सिक्युरिटीच्या रांगा, तासभर आधी पोचायचं. वडिलांचे हाल होतील.

त्यापेक्षा रेल्वे बरी. तपोवन किंवा पहाटेची वंदे भारत, पूर्णा-परभणी-जालना करत तपोवनने चार-साडेचार तासात पोचता, वंदे भारतने त्याहून लवकर, मधे उठून दोन पावलं चालता येतं, बाथरूम जवळ. तपोवनला एसी चेअरकारचं तिकीट काढा, वडिलांना मधल्या वाटेकडची सीट घ्या म्हणजे पाय लांब करता येईल, आणि स्टेशनवर व्हीलचेअर मिळते का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.